बार उडाल्यानंतरचे काम : रिट्रीव्हर पिल्लाच्या शिक्षणाची प्रस्तावना

रिट्रीव्हर स्वतः शिकार मारत नाही. बंदुकीचा बार उडून पाखरू खाली पडले की त्याचे काम सुरू होते. पाखरू कुठे पडले ते लक्षात ठेवायचे, सांगितल्यावरच निघायचे, पाण्यातून वा दाट गवतातून ते हुडकायचे आणि दात न रुतवता मालकाच्या हाती आणून द्यायचे. मराठी वाचकाच्या मनातला शिकारी कुत्रा बहुधा मराठवाड्याच्या माळरानावरचा कारवानी असतो : लांब पायांचा, सशाला नजरेत धरणारा, स्वतःच्या वेगावर सावज गाठणारा. रिट्रीव्हरची घडण याहून फार निराळी आहे. सावज डोळ्यांसमोर पडत असताना त्याला बसून राहावे लागते आणि तोंडात आलेले पाखरू दुसऱ्याला देऊन टाकावे लागते. धावून उचलून आणण्याची ओढ चांगल्या पिल्लात जन्मतःच असते. संयम शिकवावा लागतो. प्रथमच पिल्लू आणणारा माणूस चुकतो तो बहुतेक वेळा या दोहोंच्या क्रमात. ओढ पक्की होण्याआधीच तो शिस्तीला हात घालतो, किंवा दोन्ही अपुरी असताना पिल्लाला शिकारीला नेतो. म्हणून या शिक्षणात काय शिकवायचे याइतकेच महत्त्व कधी शिकवायचे याला आहे.

रिट्रीव्हर जातींचा इतिहास थंड पाण्याशी जोडलेला आहे. कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंड बेटावर कॉड मासे धरणाऱ्या कोळ्यांकडे आखूड केसांचे काळे कुत्रे असत. जाळ्यांच्या दोऱ्या पाण्यातून ओढून आणणे, गळातून सुटलेला मासा पकडणे ही त्यांची रोजची कामे. सेंट जॉन्स वॉटर डॉग या नावाने ओळखली जाणारी ती जात आता नामशेष झाली आहे. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मासळीच्या जहाजांबरोबर तिच्यातले काही कुत्रे इंग्लंडमधील पूल बंदरात उतरले आणि माम्सबरीच्या उमरावांनी त्यांची पैदास जपली. १८८० च्या दशकात त्यांच्याकडून स्कॉटलंडच्या बक्लू घराण्याकडे गेलेले नेड आणि एव्हन हे दोन कुत्रे आजच्या लॅब्रडॉरचे मूळ पुरुष मानले जातात. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९०३ मध्ये आणि अमेरिकन केनेल क्लबने १९१७ मध्ये लॅब्रडॉरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. गोल्डन रिट्रीव्हरचा आरंभ स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात झाला. तिथे लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी १८६८ मध्ये नूस हा पिवळा नर आणि बेल ही ट्वीड वॉटर स्पॅनियल मादी यांची वीण घेतली. अमेरिकेच्या मेरीलंड किनाऱ्याजवळ १८०७ मध्ये बुडालेल्या जहाजावरून वाचवलेल्या सेलर आणि कँटन या दोन पिल्लांपासून चेसापीक बे रिट्रीव्हरची परंपरा सांगितली जाते. पाण्याला न भिणे, दुहेरी केसांचे आवरण, पंजाच्या बोटांमधला पडदा, लॅब्रडॉरची पाणमांजरासारखी जाड शेपूट हे सारे त्या थंड पाण्याच्या कामातून निवडत निवडत टिकवलेले गुण आहेत.

आज या कुत्र्याचे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर दिसते ते उत्तर अमेरिकेतील बदकांच्या शिकारीत. शरद ऋतूत कॅनडाच्या गवताळ प्रदेशातून दक्षिणेकडे निघालेली रानबदके अटलांटिक, मिसिसिपी, मध्य आणि पॅसिफिक अशा चार हवाई मार्गांनी उतरत जातात आणि हंगाम साधारणपणे सप्टेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीअखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने चालतो. छर्रा लागलेले बदक पाणकणसात पडते, प्रवाहाबरोबर वाहून जाते किंवा जखमी अवस्थेत बुडी मारून काठच्या गवतात दडते. माणसाला ते सापडणे कठीण असते. मारलेले वा जखमी केलेले पाखरू मिळवण्याचा पुरेसा प्रयत्न शिकाऱ्याने केलाच पाहिजे, असे अमेरिकेचा संघीय नियम सांगतो, आणि तो नियम पाळण्याचे सर्वांत भरवशाचे साधन कुत्राच आहे. बदकांच्या शिकाऱ्यांना १९३४ पासून दरवर्षी विकत घ्यावे लागणारे डक स्टँप नावाचे तिकीट पाणथळ जमिनी राखण्यासाठी निधी उभा करते. १९५९ च्या तिकिटावर किंग बक नावाचा काळा लॅब्रडॉर तोंडात मॅलार्ड बदक धरून उभा आहे. तो १९५२ आणि १९५३ अशी सलग दोन वर्षे रिट्रीव्हरांच्या शर्यतींचा राष्ट्रीय विजेता होता. रिट्रीव्हर शिकार वाया जाऊ देत नाहीत, असा मजकूर त्या तिकिटावर छापलेला आहे. जखमी पाखरू रात्रभर तडफडत मरू नये, यासाठीच हे सारे शिक्षण आहे, आणि पिल्लाचा मालक हे विसरला तर पुढचे सगळे सराव निव्वळ कसरती उरतात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीला जागा राहिलेली नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे बंदूक आणि पाखरू यांच्याशी संबंधित भाग कायदेशीर शिकार चालते अशा देशांत राहणाऱ्या मराठी वाचकापुरताच आहे. पण त्याआधीचे सगळे शिक्षण, म्हणजे उचलणे, आणणे, थांबणे, शिट्टी ऐकणे, पुण्यातल्या मैदानावरही तितकेच लागू पडते. पोलिसांच्या श्वानपथकात लॅब्रडॉर घेतला जातो त्यामागेही वस्तूसाठी जीव टाकण्याची हीच ओढ आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबईत स्फोटके हुडकणारा झंजीर लॅब्रडॉरच होता.

पिल्लू निवडताना पिल्लापेक्षा त्याचे आईबाप जास्त पाहावेत. लॅब्रडॉर आणि गोल्डन या दोन्ही जातींत प्रदर्शनासाठी वाढवलेली घराणी आणि कामासाठी वाढवलेली घराणी आता बरीच दूर गेली आहेत. कामाच्या घराण्यातले कुत्रे अंगाने सडपातळ, चपळ आणि स्वभावाने सतत काहीतरी मागणारे असतात. नवख्या मालकाला विजेत्यांच्या अतिउत्साही वंशातले पिल्लू झेपेलच असे नाही. घरात शांत बसणारी आणि पाण्याजवळ जागी होणारी आई पाहून घेतलेले पिल्लू त्याच्यासाठी अधिक बरे. आरोग्याच्या बाबतीत मात्र तडजोड नको. खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे दोष या जातींत आनुवंशिक आहेत. अमेरिकेत ओएफए ही संस्था १९६६ पासून क्ष-किरण चित्रांवरून खुब्यांची प्रतवारी करते आणि अंतिम दाखला कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावरच देते. म्हणजे पिल्लाचा नव्हे, त्याच्या आईबापांचा दाखला मागायचा असतो. जोरदार व्यायामानंतर मागचे पाय लुळे पडून कोसळण्याचा विकार लॅब्रडॉरमध्ये आढळतो. त्याला कारणीभूत असलेला जनुक २००८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी शोधला. आईबापांपैकी एक जरी चाचणीत पूर्ण निर्दोष असला तरी पिल्लाला हा आजार होत नाही. इतकी साधी चाचणी न केलेल्या माणसाकडून पिल्लू घेऊ नये.

पिल्लू साधारण सात ते आठ आठवड्यांचे असताना घरी येते. मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे केलेल्या अभ्यासावरचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक घडणीचा असतो, हे त्यांनी दाखवून दिले. या काळात जे दिसले, ऐकले, पायाखाली आले ते जगाचा नेहमीचा भाग म्हणून पिल्लू स्वीकारते. त्यानंतर नव्या गोष्टीचे भय वाढत जाते. अडचण अशी, की हाच काळ लसी अपुऱ्या असण्याचा आहे. पार्व्हो या आजारावरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी देत किमान सोळाव्या आठवड्यापर्यंत न्यावी लागते. म्हणून अनोळखी कुत्र्यांचा वावर असलेल्या जागा टाळाव्यात, पण पिल्लाला घरात कोंडूनही ठेवू नये. उंच गवत, चिखल, लाकडी जिना, मोटारीच्या मागच्या भागातला पिंजरा, टोपी घातलेली माणसे, भांड्यांचा आवाज हे सारे त्याला मालकाच्या जवळून, सुरक्षित राहून अनुभवता येते. पिंजरा शिक्षा म्हणून वापरायचा नसतो. ती झोपायची जागा. मोठेपणी मोटारीत, बोटीत, शिकारीच्या मुक्कामी शांत पडून राहण्याची सवय इथेच लागते.

आणण्याचा पहिला धडा घरातल्या बोळातच व्हावा. दोन्ही बाजूंना भिंती, खोल्यांची दारे बंद आणि बोळाच्या एका टोकाला जमिनीवर बसलेला मालक. गुंडाळलेला मोजा किंवा रंगाच्या रोलरचे मऊ आवरण पिल्लासमोर हलवून दोन-तीन हातांवर टाकले की ते धावते, उचलते, आणि परत येण्याखेरीज त्याला दुसरी वाट उरत नाही. आल्यावर तोंडातली वस्तू झडप घालून काढून घ्यायची नाही. छातीवर हात फिरवत, शाबासकी देत, ते मिरवून घेईल तितका वेळ मिरवू द्यायचे आणि मग हलक्या हाताने वस्तू घ्यायची. अशा दोनतीन फेका झाल्या की थांबायचे. नवख्या मालकाला हे थांबणे सर्वांत जड जाते. पिल्लू आनंदाने धावत असते, घरचे कौतुकाने पाहत असतात, आणि दहाव्या फेकीला ते वस्तूकडे पाठ फिरवून निघून जाते. कंटाळा आला की वस्तू सोडून द्यायची, हे ते त्याच क्षणी शिकते. पिल्लाला अजून हवे असतानाच खेळ मिटवला तर दुसऱ्या दिवशी ते त्या मोज्यासाठी आधीपेक्षा जास्त आतुर असते.

याच वयात घरातल्या लहानसहान गोष्टींतून पुढचे नुकसान होते. पिल्लाशी दोरीची रस्सीखेच खेळली तर तोंडातली वस्तू आवळून धरायची सवय लागते आणि हीच पकड पुढे पाखराच्या फासळ्या मोडते. पिल्लू काही उचलून पळाले की मुले त्याच्यामागे धावतात; पळत राहणे हाच खेळ आहे असे त्याला वाटू लागते. आणि ते कुणाची चप्पल तोंडात धरून ऐटीत समोर आले की ओरडा बसतो. पिल्लाला चप्पल आणि मोजा यांतला फरक कळत नाही. आणून दिले की मार मिळतो, इतकेच त्याला कळते. अशा वेळी शांतपणे जवळ बोलवावे, चप्पल घ्यावी, शाबासकी द्यावी आणि चपला वर ठेवाव्यात.

चार महिन्यांपर्यंत 'सिट' आणि 'हिअर' हे दोनच शब्द पक्के झाले तरी पुष्कळ. जेवणाची थाळी, लहान खाऊचे तुकडे आणि लांब हलकी दोरी एवढ्या साधनांवर ते होतात. पिल्लू येणार नाही अशी शंका असेल तेव्हा हाक मारू नये, आणि हाक मारली तर दोरीने का होईना ते आले पाहिजे. न ऐकता सुटण्याचा अनुभव त्याला मिळूच द्यायचा नाही. शब्दांबरोबर शिट्टीही सुरू करावी : लांब एक फुंक म्हणजे बस, तुटक तीन-चार फुंका म्हणजे ये. बर्मिंगहॅमच्या ॲक्मी कारखान्याच्या शिट्ट्या ठरावीक पट्टीत मिळतात, त्यामुळे एक हरवली तरी तोच आवाज पुन्हा मिळतो. दूरवर काम करणाऱ्या कुत्र्यासाठी ही सोय मोठी आहे.

पाणी आणि पाखरू यांची ओळख खेळासारखीच व्हावी. ऊबदार दिवसांत, हळूहळू खोल होत जाणाऱ्या काठावर मालकाने आधी स्वतः पाण्यात उतरावे. शक्य असल्यास एखादा शांत, पोहणारा मोठा कुत्रा बरोबर असावा. पिल्लाला उचलून पाण्यात टाकणे हा या शिक्षणातला सर्वांत क्रूर आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. बदकाचा एखादा सुकवलेला पंख, पुढे गोठवलेले कबूतर, मग ताजे मेलेले पाखरू असा क्रम ठेवला तर पिसांची ओढ जागी होते. पिल्लू पंख चघळू लागले तर त्याच्याशी झटापट न करता तो काही आठवडे बाजूला ठेवावा.

बंदुकीच्या आवाजाची ओळख मात्र खेळावर सोडून चालत नाही. आवाजाला घाबरणारा कुत्रा बहुतेक वेळा जन्मतः तसा नसतो. माणसाने त्याला तसा केलेला असतो. बाराचा आवाज कसा वाटतो ते पाहू, म्हणून पिल्लाला नेमबाजीच्या मैदानावर नेणे किंवा अमेरिकेत ४ जुलैच्या रात्री फटाक्यांच्या गर्दीत उभे करणे यातून झालेली हानी भरून काढायला महिने लागतात, आणि काही कुत्र्यांची ती कधीच भरून निघत नाही. आधी पिल्लू उघड्या मैदानात, दुसऱ्या माणसाने फेकलेल्या वस्तूमागे जीव तोडून धावू लागले पाहिजे. मग तो साथीदार शंभरेक मीटरवर उभा राहून वस्तू हवेत फेकतो, पिल्लू निघाले आणि त्याचे सारे लक्ष पडणाऱ्या वस्तूवर खिळले की हलक्या आवाजाचे, छर्रे नसलेले काडतूस उडवतो. पिल्लाचा कान हलला, पण धाव तुटली नाही, तर तेच अंतर आणखी काही दिवस राखायचे. मग थोडे जवळ, त्यानंतर मोठ्या आवाजाची बंदूक पुन्हा लांबून, आणि शेवटी ती मालकाच्या शेजारी. पिल्लू कुठेही थबकले तर अंतर वाढवायचे. असे करता करता बाराचा आवाज म्हणजे आता काहीतरी पडणार, अशी कुत्र्याची खात्री होते, आणि पुढे तो आवाजाच्या दिशेने आनंदाने मान वळवतो.

चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून पक्के दात येतात. हिरड्या दुखत असताना पिल्लू वस्तू टाकून देते, उचलायला कंटाळते. तेव्हा आणण्याचा सराव कमी करून फिरणे आणि आज्ञापालन यांवर भर द्यावा. सगळे दात आल्यावर पकडीचे औपचारिक शिक्षण सुरू होते : दिलेली वस्तू घ्यायची, सांगेपर्यंत धरून ठेवायची, सांगितल्यावरच सोडायची. अमेरिकेत यासाठी कानाची पाळी चिमटीत दाबण्याची जुनी पद्धत अजून चालते. कुशल हातांत ती काही क्षणांची असते, अकुशल हातांत ती छळ होते. नवख्याने ती पुस्तकातून उचलू नये. हातमोजा घातलेला हात किंवा गुळगुळीत लाकडी दांडा तोंडात हळूच ठेवून, हनुवटीखाली आधार देऊन, काही सेकंदांपासून वाढवत नेले तर पकड वेदनेशिवाय बसते. वेळ मात्र जास्त लागतो. विजेच्या गळपट्ट्याचेही तसेच. अमेरिकेतले अनेक व्यावसायिक प्रशिक्षक तो वापरतात, तर वेल्समध्ये २०१० पासून त्यावर बंदी आहे. कुत्र्याला आज्ञेचा अर्थ आधीच पक्का ठाऊक असल्याशिवाय गळपट्ट्याचा काही उपयोग नाही, आणि अर्थ पक्का ठाऊक असलेल्या बहुतेक घरगुती कुत्र्यांना त्याची गरज पडत नाही.

पडलेल्या वस्तूची जागा लक्षात ठेवणे याला या क्षेत्रात मार्क म्हणतात, आणि रिट्रीव्हरचा खरा कस इथेच लागतो. मालक एकटाच हाताने फेकत राहिला तर वस्तू नेहमी वीस-तीस मीटरवरच पडते. कुत्रा तेवढ्या अंतरावर थांबून शोधायला शिकतो आणि दूर पडलेले पाखरू त्याच्या हिशेबातच बसत नाही. म्हणून फेकणारा साथीदार लागतोच. हा खर्च किंवा ही भीड टाळता येत नाही. जवळपासच्या क्लबात जाऊन इतरांच्या कुत्र्यांसाठी फेकणे आणि बदल्यात आपल्यासाठी फेकून घेणे हीच तिथली रीत आहे. कुत्र्याच्या दृष्टीत दोनच रंगसंवेदना असल्याने हिरव्या गवतावरचा केशरी बंपर, म्हणजे सरावासाठी फेकायची वस्तू, त्याला उठून दिसत नाही. म्हणून पाहून आणण्याच्या सरावाला पांढरा बंपर घेतात. केशरी बंपर कुत्र्याला न दिसावा पण मालकाला सापडावा अशा सरावासाठी राखतात. अंतर एकदम वाढवू नये. आधी आखूड गवत, मग उंच. आधी वाऱ्याच्या मदतीने, मग आडव्या वाऱ्यात. आधी जमीन, मग पाणी, मग पाण्यापलीकडचा काठ. पाण्यातून सरळ जाण्याऐवजी काठाने वळसा घालण्याची सवय फार लवकर लागते, म्हणून सुरुवातीला वस्तू अशा ठिकाणी टाकावी की पाण्यातली वाटच जवळची ठरेल. एक पाखरू पक्के झाल्यावर दोन. दुसरे पडताना पाहूनही पहिल्याची जागा आठवणीत ठेवणे तरुण कुत्र्याला अवघड जाते आणि तिथे काही महिने गेले तर चिंता करण्याचे कारण नाही.

सांगेपर्यंत न उठण्याची शिस्त कधी लावायची, यावर ब्रिटन आणि अमेरिका यांच्या परंपरा वेगळ्या वाटांनी जातात. ब्रिटनमध्ये हाकाऱ्यांनी उठवलेले फेझंट पक्षी रांगेतल्या बंदुकांवरून उडत जातात, बार सुरू असतात, पाखरे पडत असतात आणि कुत्रा बराच वेळ मालकाच्या पायाशी शांत बसून राहणे अपेक्षित असते. त्यामुळे तिथे संयम लवकर शिकवतात आणि फेकी कमी ठेवतात. अमेरिकी बदक-शिकारीत लांबचे मार्क महत्त्वाचे, म्हणून आधी धाव भडकू देतात आणि सहा महिन्यांनंतर थांबणे शिकवतात. पहिल्या पिल्लासाठी अमेरिकी क्रम अधिक क्षमाशील आहे. लहानपणी पिल्लाला छातीजवळ हाताने धरून वस्तू पडू द्यायची आणि मग सोडायचे. धरण्याचा काळ हळूहळू वाढवायचा. पुढे दोरी, मग नुसता शब्द. पडलेली प्रत्येक वस्तू कुत्र्याला मिळत नाही, काही मालक स्वतः उचलतो, हेही त्याने पाहिले पाहिजे. शिकारीत आधीच सुटलेला कुत्रा बंदुकीच्या नळीसमोर येऊ शकतो, म्हणून ही शिस्त त्याच्या जिवाशी निगडित आहे.

न पाहिलेले पाखरू मालकाच्या खुणांवर आणणे हा शेवटचा मोठा भाग. त्यात तीन गोष्टी लागतात : दाखवलेल्या दिशेला सरळ जाणे, शिट्टीवर कुठेही असेल तिथे वळून बसणे, आणि हाताच्या खुणेवर डावी-उजवीकडे किंवा मागे जाणे. बेसबॉलच्या मैदानासारखी मांडणी करून, मध्ये कुत्रा आणि तीन बाजूंना बंपरचे ढीग ठेवून हे शिकवतात. ज्याची 'सिट'ची शिट्टी कच्ची आहे त्याला पुढे काहीच शिकवता येत नाही. बहुतेक कुत्र्यांना हा भाग पक्का व्हायला दुसरे वर्ष उजाडते.

प्रगती मोजायला चाचण्या आहेत. अमेरिकन केनेल क्लबची रिट्रीव्हर शर्यत पहिल्यांदा डिसेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात चेस्टर येथे झाली. त्या शर्यती आज इतक्या कठीण आहेत की हौशी मालकाला त्यांत उभे राहणे अवघड. त्यामुळे १९८५ मध्ये क्लबने ठरावीक निकषांवर उत्तीर्ण करणाऱ्या शिकार-चाचण्या सुरू केल्या. सहा महिन्यांवरचा कुत्रा ज्युनिअर हंटरच्या पातळीला उतरू शकतो. तिथे एकेक पाखरू, दोन जमिनीवर आणि दोन पाण्यातली, आणि सोडेपर्यंत कुत्र्याला धरून ठेवण्याची मुभा असते. चार वेळा उत्तीर्ण झाले की पदवी मिळते. पहिल्या वर्षासाठी हे लक्ष्य पुरेसे आहे. इतर मालकांची कामे पाहून जे कळते ते पुस्तकातून कळत नाही, हाही लाभ मोठाच.

वसंतात जन्मलेले पिल्लू पहिल्या हंगामाला सहा-सात महिन्यांचे असते, आणि त्याला नेण्याचा मोह टाळणे बहुतेकांना जमत नाही. वयापेक्षा इतर गोष्टी पाहाव्यात : बाराच्या आवाजावर आनंद, पाण्यात न कचरता उडी, हाताशी वस्तू देणे, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडी वा प्लास्टिकच्या नकली बदकांमधून त्यांना न उचलता पलीकडे जाणे. नकली बदके आधी अंगणात पसरून, मग काठावर, मग पाण्यात अशी ओळख करून द्यावी. बोटीचा आणि आडोशाच्या झोपडीचाही सराव कोरड्यावर व्हावा. सप्टेंबरच्या उन्हात पारव्यांच्या शिकारीने सुरुवात करणे सोपे वाटते, पण तिथे उष्माघाताचा धोका असतो आणि पारव्याची सुटणारी पिसे तोंडाला चिकटल्याने काही तरुण कुत्रे पाखरू धरायलाच नकार देतात. थोडी थंडी पडल्यावर, थोड्या पाखरांची, एकाच साथीदाराबरोबरची सकाळ निवडावी. बंदूक साथीदाराकडे द्यावी आणि मालकाने फक्त कुत्रा सांभाळावा. दोन्ही कामे एकदम करायला गेले की कुत्र्याच्या पहिल्या चुकीकडे लक्ष जात नाही आणि तीच सवय होऊन बसते. भरलेली बंदूक कुत्र्याच्या आवाक्यात खाली ठेवू नये, आणि नळीसमोर त्याचे कान येऊ देऊ नयेत.

थंड पाण्यात काम करणाऱ्या कुत्र्याला अंगाला घट्ट बसणारे निओप्रीनचे जाकीट आणि पाण्याबाहेर बसायला उंच फळी हवी. थरथर थांबेना, चाल अडखळू लागली, की त्या दिवसाचे काम संपले समजून त्याला कोरडे करून उबेत न्यावे. उन्हाळ्याच्या अखेरीस साचलेल्या तळ्यांतले निळे-हिरवे शेवाळ विषारी असू शकते, आणि लुइझियाना-फ्लोरिडाच्या पाणथळीत ऊब असेतो मगरी जाग्या असतात. अशा जागी सराव करूच नये. घरी परतल्यावर कान, डोळे, पंजे आणि काखा तपासाव्यात. गवताची काटेरी बीजे कातडीत शिरून आत सरकत जातात आणि उशिरा लक्षात आली तर शस्त्रक्रिया करावी लागते. हंगामात कुत्रा दोन वेळा सांगण्याआधी सुटला असेल, तर हंगाम थांबवून पुन्हा मैदानावर एकेक फेकीने थांबण्याचा सराव घ्यावा. राहिलेल्या आठवड्यांत पाखरे कमी आली तरी हरकत नाही. पुढच्या शरदात तोच कुत्रा दीड वर्षाचा असतो, त्याची हाडे भरलेली असतात, आणि लांबचे मार्क व हातखुणांवरचे काम त्याच्याकडून मागण्याची खरी वेळ तेव्हा येते.